मेल्यावर जे उरतं ते 'मी' असतं का? (वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

मागच्या अंकात मध्ययुगातल्या अरबी आणि ख्रिस्ती तत्त्वज्ञांनी मरणानंतरच्या आत्म्याबद्दल काय म्हटलंय त्यावर लिहिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आलेत की सगळे घेणं शक्यच नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि लांब पत्रं थोडी कापलीत. एक गोष्ट आधीच सांगून टाकते. बऱ्याच जणांनी असं धरून चाललंय की या मंडळींचं भांडण 'आत्मा अमर आहे का नाही' यावर होतं. पण काहीतरी उरतं हे त्यांच्यातल्या जवळजवळ सगळ्यांना मान्यच होतं हो. भांडण पुढचं होतं, जे उरतं ते म्हणजे हा अमुक माणूसच का, का दुसरंच काही? हा प्रश्न डोक्यात ठेवला तर बगदादपासून पॅरिसपर्यंतचा चारशे वर्षांचा वाद एका धाग्यात दिसायला लागतो.

प्रश्न : आम्हाला एम.ए.ला थॉमस ॲक्विनास आहे. सरांनी त्याचं एक वाक्य सांगितलं, 'माझा आत्मा म्हणजे मी नव्हे'. चर्चचा एवढा मोठा संत आणि असं कसं म्हणतो? मग आत्मा अमर असून माझा काय उपयोग? – एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : वाक्य खरंच त्याचं आहे. पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५वा अध्याय मेलेल्यांच्या पुनरुत्थानावर आहे, त्यावर भाष्य करताना ॲक्विनास म्हणतो की आत्मा हा माणसाचा एक भाग आहे, अख्खा माणूस नाही, आणि माझा आत्मा म्हणजे मी नव्हे, म्हणून नुसते आत्मे तरले तरी मी तरलो असं होत नाही. एवढं स्पष्ट बोलायला हिंमत लागते. कारण त्याच्या आधीची हजार-एक वर्षं ख्रिस्ती जगात प्लेटोची हवा होती, म्हणजे आत्मा हाच खरा माणूस आणि शरीर हे त्याचं बिऱ्हाड.

ॲक्विनासने (१२२५–१२७४) ॲरिस्टॉटल धरला. ॲरिस्टॉटलचं म्हणणं असं की आत्मा म्हणजे शरीरात राहायला आलेली वेगळी वस्तू नाही, शरीराला जिवंत शरीर बनवणारं जे रूप आहे ना तोच आत्मा. आता इथे लगेच प्रॉब्लेम येतो, शरीर गेलं की त्याचं रूपही जाणार, झाडाचं जातं, कुत्र्याचं जातं, मग माणसाचंच का राहावं? ॲक्विनासचं उत्तर असं की माणसाची बुद्धी एक काम असं करते ज्याला शरीराचा कुठलाच अवयव पुरत नाही. डोळा रंग बघतो, पण 'रंग म्हणजे काय' हे समजणं डोळ्याचं काम नाही आणि त्याच्या मते मेंदूचंही नाही. ज्याचं काम स्वतंत्र त्याचं असणंही स्वतंत्र, म्हणून माणसाचा आत्मा शरीर पडल्यावरही टिकतो.

टिकतो खरा पण अर्धवट. डोळे नाहीत, कान नाहीत, कल्पनाशक्ती नाही, आणि आपल्याला तर चित्राशिवाय साधा विचार करता येत नाही, म्हणून सुटलेला आत्मा त्याच्या स्वभावाविरुद्धच्या अवस्थेत असतो आणि त्याला जे समजतं ते देवाच्या देणगीने समजतं असं तो म्हणतो. तेव्हा तुझ्या 'काय उपयोग' या प्रश्नाचं त्याचं उत्तर हेच की आत्म्याच्या अमरत्वावर त्याची आशा संपत नाही, ती शरीरासकट उठण्यावर आहे. पुनरुत्थान त्याच्या सिस्टिममध्ये वरून चिकटवलेलं नाही, ते काढलं तर माणूस परत पूर्ण होतच नाही.

ही भूमिका त्याच्याच लोकांना पचली नाही. माणसात आत्मा हे एकच रूप असेल तर प्राण गेल्यावर समोर पडलेलं प्रेत हे त्याच माणसाचं शरीर उरत नाही, नुसतं नावापुरतं शरीर. मग येशूचं शरीर तीन दिवस थडग्यात होतं ते कोणाचं? १८ मार्च १२७७ला ऑक्सफर्डमध्ये आर्चबिशप किलवर्डबीने या विचारसरणीवर बंदी घातली, आणि हा किलवर्डबी स्वतः ॲक्विनासच्याच डॉमिनिकन साधूंच्या संघातला. परीक्षेसाठी म्हणशील तर ॲक्विनासच्या 'सुम्मा' या मोठ्या ग्रंथाच्या पहिल्या भागातले ७५, ७६ आणि ८९ हे प्रश्न मुळातून वाच, गाइडवर जाऊ नकोस, तो लिहितो सोपं.

प्रश्न : हे सगळे एवढे बुद्धिमान लोक, मग पुनर्जन्माची कल्पना त्यांना सुचली कशी नाही? की भारताचं काही त्यांना माहीतच नव्हतं? – एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : सर, माहीत होतं, चांगलंच माहीत होतं. पायथागोरस आणि प्लेटो पुनर्जन्म मानत होते हे अरबी वाचणाऱ्यांना ठाऊक होतं, आणि भारताचं म्हणाल तर विद्वान अल्बेरुनी (जन्म ९७३) हा इब्न सीना या वैद्य-तत्त्वज्ञाचा समकालीन, दोघांचा पदार्थविज्ञानाच्या प्रश्नांवर पत्रव्यवहारही झालेला. अल्बेरुनीने पतंजलीचा योग अरबीत आणला आणि १०३०च्या सुमाराच्या भारतावरच्या ग्रंथात स्पष्ट लिहिलं की मुसलमानांची ओळख जशी कलम्यात, ख्रिश्चनांची त्रैक्यात, ज्यूंची शब्बाथात, तशी हिंदूंची ओळख पुनर्जन्मात, पुनर्जन्म जो मानत नाही तो त्यांच्यातला नाही. म्हणजे विषय टेबलावर होता.

इब्न सीनाने (साधारण ९८०–१०३७, बुखाऱ्याजवळ जन्म, हमदानला मृत्यू) तो नाकारला, आणि मला आवडतं ते हे की नुसतं धर्मात बसत नाही म्हणून नाकारला नाही तर युक्तिवाद दिला. त्याचं म्हणणं असं : गर्भातलं शरीर नीट तयार झालं की ते आत्मा घ्यायला योग्य होतं, आणि योग्य झालं रे झालं की वरून, म्हणजे देवाखाली उतरत आलेल्या वैश्विक बुद्धींतल्या दहाव्या आणि शेवटच्या बुद्धीकडून, त्याला त्याचा स्वतःचा नवा आत्मा मिळतोच, तो काही वाट बघत नाही. आता त्याच शरीरात कोणाचा तरी जुना आत्माही शिरला तर एका शरीरात दोन आत्मे होतील. पण आपल्यातला प्रत्येक जण स्वतःला एकच म्हणून ओळखतो, दुसरा कोणी आत बसलाय असं कोणालाच जाणवत नाही, आणि जो जाणवत नाही, काही करत नाही, त्याचा या शरीराशी संबंध तरी काय? म्हणून पुनर्जन्म नाही.

तुम्ही यावर म्हणाल की योग्य शरीराला नवाच आत्मा मिळतो हे कशावरून, जुनाच का नको? बरोबर आहे, युक्तिवाद सगळा त्या एका गृहीतावर उभा आहे आणि आपल्याकडचा कोणताही नैयायिक तिथेच बोट ठेवेल. पण त्याला हे गृहीत लागत होतं कारण त्याला आत्मा शरीराच्या आधीपासून असलेला नको होता. शरीराच्या आधी आत्मे असते तर हा आत्मा वेगळा आणि तो वेगळा कशामुळे? वेगळेपणा शरीराने येतो. मग शरीर गेल्यावर? तेव्हा प्रत्येक आत्म्याने आपापल्या शरीरासोबत आपला काळ आणि आपल्या सवयी, आपली ओळख मिळवलेली असते, ती पुसली जात नाही. तुमच्या शरीरासोबत तुमचा आत्मा सुरू झाला, शरीरासोबत संपत नाही, आणि शेवटपर्यंत तुमचाच राहतो.

त्याचा 'तरंगणारा माणूस' बहुतेकांनी ऐकलेला असतो. समजा एक माणूस एकदम पूर्ण वाढलेला निर्माण झाला, डोळे झाकलेले, पोकळीत तरंगतोय, हवेचा स्पर्शसुद्धा नाही, हातपाय एकमेकांना लागत नाहीत. त्याला शरीर आहे हेही माहीत नाही. तरी 'मी आहे' हे त्याला कळेल, आणि जे कळलं ते शरीराहून वेगळं असणार. बाराव्या शतकात टोलेडोत याचं लॅटिन भाषांतर झालं, अवेंदाउथ नावाच्या ज्यू विद्वानाने अरबीतून एकेक शब्द तिथल्या बोलीभाषेत सांगायचा आणि गुंडिसालिनस नावाच्या ख्रिस्ती पाद्रीने तो लॅटिनमध्ये लिहायचा. मुसलमानाचा ग्रंथ, ज्यू दुभाषा, ख्रिस्ती लेखनिक, आणि विषय आत्म्याचा! मला या खोलीत बसायला मिळालं असतं तर फार आवडलं असतं.

प्रश्न : इब्न रुश्द म्हणतो सगळ्या माणसांची बुद्धी एकच. हे सरळ आपलं अद्वैत नाही का? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : हा प्रश्न सगळ्यात जास्त पत्रांत होता म्हणून जरा सविस्तर.

इब्न रुश्द (११२६ कॉर्डोबा – ११९८ मराकेश) काझी होता, वैद्य होता, आणि ॲरिस्टॉटलवर त्याने छोट्या, मधल्या आणि मोठ्या अशा तीन मापांच्या कॉमेंट्री लिहिल्या. आत्म्यावरच्या छोट्या कॉमेंट्रीत तो एक म्हणतो आणि मोठ्या कॉमेंट्रीत दुसरंच, आयुष्यभर तो हा प्रश्न उलटापालटा करत होता हे विसरू नका. मोठ्या कॉमेंट्रीतला मुद्दा असा. तुम्हाला त्रिकोण म्हणजे काय हे समजलं, मलाही समजलं. तुम्हाला समजलेला आणि मला समजलेला त्रिकोण हे दोन आहेत की एक? दोन म्हणाल तर शिक्षकाने शिकवलेलं विद्यार्थ्याला समजलं याला अर्थ राहत नाही, प्रत्येकाच्या डोक्यात आपापला त्रिकोण. एक म्हणाल तर तो एकच विचार ज्यात राहतो ती बुद्धीही एकच पाहिजे. शिवाय वस्तू अनेक होतात त्या जडद्रव्यामुळे, आणि बुद्धी तर जड नाही, मग ती अनेक होणार कशी? म्हणून सगळ्या मानवजातीची समजून घेणारी बुद्धी एकच, अनादि आणि अनंत.

या उत्तराने इब्न सीनाची एक अडचणही सुटते. इब्न सीनाच्या मते जग अनादि आहे, माणसं अनादि काळापासून मरतायत आणि प्रत्येकाचा आत्मा टिकतोय, म्हणजे आज घडीला अनंत आत्मे अस्तित्वात असले पाहिजेत, आणि अनंत गोष्टी एकाच वेळी असणं ॲरिस्टॉटलच्या हिशोबाने अशक्य, हा घोटाळा गझाली या मुसलमान धर्मपंडिताने बरोबर पकडला होता. इब्न रुश्दकडे तो घोटाळाच नाही कारण टिकणारी गोष्ट एकच.

आता अद्वैत. दिसायला जवळ आहे हे मान्य. पण अद्वैतात शेवटी कळतं ते हे की तूच ते आहेस, ज्याला तू मी-मी म्हणत होतास तो खोलवर जाऊन बघितला तर तेच एक तत्त्व. इब्न रुश्दकडे असं कुठेच नाही. त्याची ती एक बुद्धी म्हणजे परमेश्वर नाही, वैश्विक बुद्धींच्या उतरंडीतली ती सगळ्यात खालची. तिला विचार करायला तुमच्या-माझ्या डोक्यातली चित्रं लागतात, तुम्ही पाहिलेलं, ऐकलेलं, आठवलेलं हे तिचं खाद्य. तुम्ही मेलात की तुमची चित्रं गेली, तुमची आठवण गेली, तुमचं 'तुम्ही'पण गेलं, बुद्धी मात्र चालूच कारण कुठे ना कुठे कोणीतरी विचार करतंय. तो तर म्हणतो की पृथ्वीच्या एका भागात तत्त्वज्ञान नसलं तरी दुसऱ्या भागात असणारच, दक्षिणेत नाही तर उत्तरेत. म्हणजे अमर आहे ती मानवजात, तुम्ही नाही. अद्वैतात जीव आणि ब्रह्म एकच असल्याचं ज्ञान होऊन मोक्ष मिळतो, इथे मोक्ष मिळवायला कोणी शिल्लकच नाही. दोन्ही विचार मोठे आहेत, पण एकाच्या कपाटात दुसरा कोंबू नये असं मला मनापासून वाटतं, दोघांवरही अन्याय होतो.

ही मोठी कॉमेंट्री मायकल स्कॉटने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात लॅटिनमध्ये नेली आणि आज ती पूर्ण अशी लॅटिनमध्येच उरलीय. पॅरिस युनिव्हर्सिटीत ब्राबांतच्या सिजरसारखे तरुण मास्तर ती शिकवायला लागले. झालं, प्रश्न उभा राहिला की सगळ्यांची बुद्धी एकच असेल तर मेल्यावर कोणाला बक्षीस आणि कोणाला शिक्षा कशाची? १२७०मध्ये ॲक्विनासने यावर छोटा पण जळजळीत ग्रंथ लिहिला. त्याचं एकच म्हणणं : हा माणूस विचार करतो, हे आधी समजावून सांगा. तुम्ही म्हणता माझी चित्रं त्या बुद्धीला मिळतात म्हणून मी विचार करतो. अहो, भिंतीचा रंग माझ्या डोळ्यात आला म्हणून भिंत बघते का? भिंत तर बघितली जाते. तसं तुमच्या हिशोबाने माणूस विचार करत नाही, त्याच्याबद्दल विचार केला जातो. हा दाखला मला आजही बिनतोड वाटतो. शेवटी तो आव्हान देतो की कोणाला उत्तर द्यायचं असेल तर कोपऱ्यात, पोरांसमोर बोलू नका, लिहा.

त्याच वर्षी १० डिसेंबरला पॅरिसचा बिशप तांपिएने १३ विधानांवर बंदी घातली, त्यात 'सगळ्यांची बुद्धी एकच' हे होतं, आणि ७ मार्च १२७७ला थेट २१९ विधानांवर. पण इटालियन कवी दांतेने आपल्या काव्यात सिजरला स्वर्गात बसवलं, तेही ॲक्विनासच्या शेजारी, आणि त्याचं कौतुक ॲक्विनासच्याच तोंडून करवलं. इब्न सीना आणि इब्न रुश्द दोघांनाही त्याने नरकाच्या पहिल्या फेरीत ठेवलं खरं, पण तिथे यातना नाहीत, सॉक्रेटिस-प्लेटोची सोबत आहे.

प्रश्न : शरीरासकट उठायचं असेल तर एका माणसाने दुसऱ्याला खाल्लं असेल तेव्हा ते मांस कोणाचं? सिरियसली विचारतोय. – अकरावीचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : सिरियसलीच विचार, त्यांनीही सिरियसलीच विचारला होता. जुना ख्रिस्ती संत ऑगस्टीन म्हणतो ते मांस ज्याचं आधी होतं त्याला परत, खाणाऱ्याकडे ते उसनं होतं. ॲक्विनास आणखी पुढे जातो, तो म्हणतो जिवंतपणीसुद्धा आपल्या शरीरातलं द्रव्य सारखं येत-जात असतं तरी आपण तेच राहतो ना, मग उठताना प्रत्येक कण परत मिळालाच पाहिजे असं नाही. खाणाऱ्याने दुसरंही काही खाल्लं असेल तर त्याचं शरीर त्यातून, आणि फक्त माणसंच खाल्ली असतील तर आईबापांकडून जे मिळालं त्यातून, आणि आईबापही तसेच असतील तर तेही तो सोडवत बसतो, उरलेलं देव भरून काढेल.

अरबी बाजूला इब्न सीनाने हाच प्रश्न उलटा वापरला, शरीराने परत येणं तर्काने सिद्ध होत नाही हे दाखवायला. गझालीने (१०५८–११११) १०९५च्या 'तहाफुत' या पुस्तकात तत्त्वज्ञांची २० मतं तपासली आणि त्यातली फक्त तीन थेट कुफ्र, म्हणजे इस्लामबाहेरची, ठरवली : जग अनादि आहे, देवाला एकेक गोष्ट वेगळी माहीत नसते, आणि शरीरं उठणार नाहीत. पण उत्तर देताना त्यानेच वाट काढली की माणूस हा त्याच्या आत्म्याने तो माणूस असतो, मग देव त्याला जुन्या द्रव्याचं शरीर देवो, दुसऱ्या द्रव्याचं देवो का अगदी नवं बनवून देवो, काय बिघडलं? गंमत म्हणजे गझालीवर उलट हल्ला करणारा इब्न रुश्दही या जागी त्याच्याजवळ येतो, उठतील ती शरीरं या शरीरांसारखी असतील, हीच नसतील, असं तो म्हणतो. ज्यूंमध्ये मायमोनिडीज या तत्त्वज्ञावर लोकांनी आरोप केला की हा पुनरुत्थान मानतच नाही, तेव्हा त्याने ११९१मध्ये त्यावर वेगळं पुस्तक लिहून सांगितलं की मानतो, मेलेले उठतील, पण नंतर परत मरतील आणि शेवटचं सुख हे शरीराविनाच असेल.

प्रश्न : आम्ही २ नोव्हेंबरला कबरस्तानात मेणबत्त्या लावतो, मिस्सा देतो. पण न्यायाचा दिवस तर शेवटी आहे. मग आमची माणसं आत्ता कुठे आहेत? आणि संत देवाजवळ आहेत असं आपण म्हणतो ते कसं? – एक वाचक, वसई

उत्तर : तुमच्या या प्रश्नावरून एका पोपला मरणाच्या दारात आपलं मत मागे घ्यावं लागलंय, म्हणून प्रश्न साधा समजू नका.

२ नोव्हेंबरचा दिवस साल १०००च्या आगेमागे फ्रान्समधल्या क्लूनी मठाचा प्रमुख ओदिलो याने आपल्या मठांसाठी ठरवला आणि तिथून तो सगळीकडे पसरला. पर्गेटरी, म्हणजे शुद्ध होण्याची अवस्था, आणि जिवंत माणसांच्या मिस्सा, प्रार्थना, दानधर्माने तिथल्या आत्म्यांना मदत होते, हे १२७४च्या ल्योंच्या परिषदेने अधिकृतपणे मांडलं. याच परिषदेला जाताना वाटेत फोसानोव्हाच्या मठात ॲक्विनास वारला.

पण शुद्ध झालेले आत्मे? ते लगेच देवाला बघतात की शेवटच्या दिवसापर्यंत थांबतात? १ नोव्हेंबर १३३१ला, सर्व संतांच्या सणाला, आव्हिन्योंमध्ये पोप बावीसाव्या जॉनने प्रवचनात सांगितलं की थांबतात. तोवर त्यांना ख्रिस्ताचं मानवी रूप दिसतं, देव समोरासमोर नाही, ते न्यायानंतर, शरीर परत मिळाल्यावर. हा पोप जवळजवळ नव्वदीचा, आणि विशेष म्हणजे ॲक्विनासला १३२३मध्ये संत घोषित करणारा हाच. त्याचं मत काही हवेतलं नव्हतं, बाराव्या शतकातल्या संत बर्नार्डचा आधार होता, आणि तर्कही सरळ होता की बक्षीस अख्ख्या माणसाला मिळायचं ना, मग अर्ध्याला आधी कसं? पण लोकांना धक्का बसला. संत अजून देवापर्यंत पोचलेच नसतील तर त्यांना हाक मारून उपयोग काय, हीच तुमची शंका तेव्हाही होती. विरोधात प्रवचन करणारा टॉमस वॉलीस नावाचा इंग्लिश डॉमिनिकन तुरुंगात गेला, फ्रान्सच्या राजाने पॅरिसच्या धर्मपंडितांना बोलावून पोपच्या विरुद्ध मत घेतलं, आणि डिसेंबर १३३४मध्ये मरणाच्या आदल्या दिवशी जॉनने कार्डिनलांसमोर सांगितलं की शरीरापासून सुटलेल्या आत्म्याच्या अवस्थेला जेवढं शक्य तेवढं ते देवाला समोरासमोर बघतात. 'जेवढं शक्य तेवढं' हे मात्र त्याने शेवटपर्यंत सोडलं नाही, आणि मला त्या म्हाताऱ्याचा तो प्रामाणिकपणा वाटतो.

पुढचा पोप बारावा बेनेडिक्ट, त्याने २९ जानेवारी १३३६ला निकाल दिला : शुद्ध झालेले आत्मे शरीर परत मिळायच्या आधीच, न्यायाच्या दिवसाआधीच, देवाला थेट बघतात. आजही कॅथलिक शिकवण हीच आहे. तेव्हा तुमच्या चर्चचं उत्तर असं की तुमची माणसं एकतर शुद्ध होतायत, त्यात तुमची मेणबत्ती आणि मिस्सा कामाला येतात, नाहीतर देवासमोर आहेत. इस्लाममध्येही मरण आणि कयामत यांच्यामध्ये बरजख आहे, कबरीत मुनकर आणि नकीर येऊन प्रश्न विचारतात, म्हणजे मधल्या काळाचं काय हा प्रश्न दोन्हीकडे सुटत नव्हता.

प्रश्न : बाबा जाऊन वर्ष होत आलं. आई रोज विचारते, त्यांना आपण आठवत असू का. तुमच्या या तत्त्वज्ञांनी याचं काही उत्तर दिलंय का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : दिलंय, आणि तीन वेगवेगळी दिलीत. गोड करून सांगत नाही, जशी आहेत तशी सांगते.

इब्न रुश्दच्या मोठ्या कॉमेंट्रीप्रमाणे नाही. आठवण शरीराची, ती शरीरासोबत गेली.

इब्न सीना वैद्य होता, आठवण मेंदूच्या मागच्या कप्प्यात असते असं तो मानायचा, म्हणून मेंदू गेल्यावर चेहरे, आवाज, घर अशी चित्रं आत्म्याकडे राहत नाहीत. राहतं ते समजलेलं ज्ञान आणि 'मी' असल्याची जाणीव. पण ज्यांनी तत्त्वज्ञान वगैरे केलं नाही, साधेपणाने देवाधर्मावर विश्वास ठेवून जगले, त्यांचं काय? तिथे तो काही विद्वानांचं मत म्हणून सांगतो की असे आत्मे कदाचित आकाशस्थ गोलांचा आधार घेऊन कल्पना करू शकत असतील, आणि आयुष्यभर जे ऐकलं, ज्याची आशा धरली, ते सगळं अनुभवत असतील. त्याने हे मत नाकारलेलं नाही.

ॲक्विनासचंही सुरुवातीचं उत्तर कडकच आहे, इंद्रियांची आठवण शरीराची, सुटलेल्या आत्म्याला इथे रोज काय चाललंय ते आपोआप कळत नाही. इथे तो ऑगस्टीनचा आधार घेतो. ऑगस्टीनने लिहिलंय की मेलेल्यांना जिवंतांच्या भानगडींत येता आलं असतं तर माझी आई, जी जिवंतपणी माझ्यामागे समुद्र ओलांडून आली, ती एकही रात्र माझ्याकडे आल्यावाचून राहिली नसती. पण ॲक्विनास तिथे थांबत नाही. तो म्हणतो सुटलेल्या आत्म्याला सगळं कळत नसलं तरी काही ठरावीक गोष्टी आणि माणसं कळतात, ज्यांच्याशी त्याचा आधीच्या ओळखीने किंवा मायेने संबंध जडलेला असतो ती. आणि जे देवाला बघतात त्यांना इथलं कळत असावं हेच त्याला जास्त पटतं.

त्याच जागी त्याने एका आक्षेपाला उत्तर दिलंय. आक्षेप असा की मेलेल्यांना आमची काळजी असते, मग आमचं त्यांना कळतच असलं पाहिजे. तो म्हणतो, असं काही नाही, न कळताही काळजी करता येते, आपण नाही का मेलेल्यांची काळजी करत, त्यांच्यासाठी प्रार्थना करत, त्यांचं तिकडे काय चाललंय हे आपल्याला माहीत नसताना? 'सुम्मा'चा पहिला भाग, प्रश्न ८९, कलम ८, पहिल्या आक्षेपाचं उत्तर. चार ओळींचं आहे, आईंना वाचून दाखवा.